भाईच्या गाडीचा आवाज

आमच्या भाईच्या गाडीचा इंडिकेटर गावात प्रसिद्ध होता. पुढच्या एसटीला मागे टाकायला भाई तो एकदा लावायचा, आणि मग पुढचे दोन-तीन किलोमीटर तो लुकलुकतच राहायचा. मागचा रिक्षावाला बिचारा वाट बघायचा, गाडी आता वळेल, मग वळेल. शाळेतली पोरं मला म्हणायची, "टीचर, तुमचे भाई अजून वळतायत." मी पोरांसमोर हसायचे. मनात मात्र राग यायचा. चोवीस वर्षं सौदीत राहून आलेला माणूस, त्याला मागच्याची कसली पर्वा, असं वाटायचं.

त्या गाडीच्या साउंड सिस्टीमची ही गोष्ट आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं, आणि ते का कळलं, तेच सांगायचं आहे.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनायला लागली. रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, फायबरग्लासची बॉडी आणि वर कॅनव्हासचं छप्पर. फार थोड्या बनल्या, त्याहून थोड्या आज रस्त्यावर आहेत. इंजिनाची ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे स्पोर्ट्सपणा दिसण्यात जास्त. भाईनं ती एका सुट्टीत गोव्यातून जुनी घेतली आणि ताडपत्री घालून अंगणात उभी केली. कायमचा परत आल्यावर तिची दुरुस्ती केली, पंधरा वर्षं उलटून गेली होती म्हणून फेरनोंदणी करून घेतली, आणि तो तिच्यातून बाजाराला जायला लागला. लाल रंग, बुटकी गाडी, आत पांढरी दाढी. रत्नागिरीच्या रस्त्यावर माणसं वळून बघायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. माझं सासर गावातच, दोन मोहल्ले सोडून. म्हणाला, "तुझा तो विद्यार्थी गाड्यांचे स्पीकर बसवतो ना? त्याला विचार. गाडीत काही ऐकूच येत नाही. मोठा आवाज पाहिजे."

मी त्याच्याकडे बघत राहिले. छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि मोठा आवाज पाहिजे! शिवाय आपल्याकडे आवाज हा विषय साधा राहिलेला नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शाळा, दवाखाना, न्यायालय आणि प्रार्थनास्थळाभोवती जाहीर केलेलं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र, हे २००० सालचे नियम सगळ्यांसाठी सारखे आहेत. पण आवाजाची चर्चा निघाली की माना आधी कुठल्या मोहल्ल्याकडे वळतात, हे मी काय सांगायचं? उघड्या छपराच्या लाल गाडीतून धाडधाड वाजवत आमचा भाई नाक्यावरून जाणार, या कल्पनेनंच मला घाम फुटला.

पण खरं कारण ते नव्हतं. भाईवर माझा जुना राग होता.

अम्मीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. तिचं माहेर खाडीपलीकडे. पूर्वी तरीतून जावं लागायचं, आता पुलावरून पाऊण तासाचा रस्ता. एका संध्याकाळी ती ओटीवर झोपाळ्यात बसली होती. दात गेल्यापासून बोलताना तिला ओढणी तोंडासमोर धरायची सवय लागली होती. भाई शेजारच्या खुर्चीत बसला होता. ती म्हणाली, "मला एकदा तुझ्या गाडीतून माहेरी ने. रविवारी ने." भाई छान हसला. "हो, अम्मी, हो," म्हणाला, चपला घातल्या आणि बाहेर गेला.

रविवारी अम्मी नवी ओढणी घेऊन, पिशवीत भावजयीसाठी चुडे घेऊन ओटीवर बसली. भाई बाहेर आला, तिला सलाम केला, मासळीबाजारात गेला. पुढच्या रविवारीही तसंच. मी त्याला झापणार होते, पण अम्मीनं माझा हात धरला. "तो हो म्हणालाय ना? त्याला सवड होईल तेव्हा नेईल. मागे लागू नकोस." तिसऱ्या रविवारी ती तयार झाली नाही. पावसाळा संपता संपता ती गेली. तो विषय मी भाईकडे कधी काढला नाही. मनात मात्र तो रोज असायचा.

तरीही मी विद्यार्थ्याला फोन केला. मोठ्या भावाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

हा मुलगा माझ्याकडे दहावीपर्यंत होता. इम्ल्यात कायम काठावर पास. पण वर्गातला बिघडलेला पंखा त्यानं एकदा दुरुस्त केला होता. आयटीआय करून आता गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवतो. त्यानं आल्या आल्या स्पीकरची नावं सांगायला सुरुवात केली नाही, ते मला आवडलं. तो आधी दाराजवळ बसला आणि म्हणाला, "टीचर, आधी बघू या, आहे ते का वाजत नाही."

पहिली चूक त्यानं दीड व्होल्टच्या घड्याळाच्या सेलनं शोधली. स्पीकरच्या दोन वायरींना सेल टेकवला की त्याचा कागदी कोन पुढे सरकतो. सेल उलटा टेकवला तर मागे जातो. उजव्या दाराचा कोन पुढे आला, डाव्या दाराचा आत गेला. म्हणजे एका बाजूच्या वायरी उलट्या जोडलेल्या. एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा ओढत होता, आणि खालचे, भारदस्त सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. आधीच्या मालकापासून इतकी वर्षं ही गाडी अशीच वाजत होती. वायर उलटवायला पाच मिनिटं लागली, खर्च शून्य.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. साध्या गाडीची बॉडी लोखंडाची असते. स्टिरिओची उणे वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूनं आवळली की काम होतं, कारण तो सगळा पत्राच बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेला असतो. फायबरग्लासमधून वीज जात नाही. कुणीतरी ती वायर डॅशबोर्डामागच्या एका पट्टीला बांधली होती आणि ती पट्टी पुढे कुठेच नीट जोडलेली नव्हती. म्हणून इंजिन जोरात फिरलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, ॲक्सिलरेटरबरोबर चढायची आणि उतरायची. अल्टरनेटरची शिट्टी म्हणतात तिला. त्यानं जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. अधिक टोकाच्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडाला पाहिजे. विजेची वायर एका बाजूनं आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूनं, म्हणजे एकीची कुरकुर दुसरीत शिरत नाही.

तिसरी गोष्ट रेडिओची. भाई मिडीयम वेव्हवर आकाशवाणी लावायचा आणि त्यात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा. मुलानं सांगितलं, लोखंडी बोनेट इंजिनाच्या ठिणग्यांतून निघणारा विद्युत गोंगाट बराचसा आत अडवतं. फायबरग्लासचं बोनेट काहीच अडवत नाही. आणि अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो, तोही इथे नाही. त्यानं अँटेनाच्या बुडाखाली आतून पत्रा लावून तो चौकटीला जोडला, प्लगच्या वायरी बदलल्या. तडतड पूर्ण गेली नाही, पण बातम्या कळायला लागल्या. म्हणजे मला कळायला लागल्या.

मग खरेदी. नवा स्टिरिओ, दारासाठी सहा इंची स्पीकर, वेगळे ट्वीटर, सीटमागे मावेल असा छोटा ॲम्प. स्टिरिओच्या खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" असं लिहिलं होतं. मुलगा हसला. तो म्हणे क्षणभराचा आकडा, सलग खरे पंधरा-वीसच मिळतात. भाईला डिकीत मोठा बास बॉक्स हवा होता. मुलानं डिकी उघडून दाखवली, त्यात दोन पिशव्या मावतात. बास बॉक्सऐवजी त्यानं दाराच्या आतली सगळी भोकं बंद केली आणि आतून डांबरासारखे जड रबरी पट्टे चिकटवले. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज भोकांतून पुढे आला तर पुढच्या आवाजाला मारतो. दार बंद डब्यासारखं झालं की तोच स्पीकर खोल वाजतो. खिडक्यांचं आणि छपराचं कडक झालेलं रबरी बीडिंगही त्यानं बदललं, कारण साठच्या वेगानं जाताना सगळ्यात मोठा आवाज तिथूनच येत होता, वाऱ्याचा. फोनवरच्या ॲपनं त्यानं आधी आणि नंतर मोजलं. आधी ७८, नंतर ७३. त्या ॲपवर किती विसंबायचं ते असो, फरक माझ्या कानांना कळत होता.

सगळं मिळून चोवीस हजार झाले. संध्याकाळी आम्ही अंगणात गाडी उभी करून ऐकलं. भाईला गाण्यांपेक्षा मुशायरे प्रिय. जेद्दाहला, रियाधला मुशायरे व्हायचे, तेव्हा तो मित्रांबरोबर रात्रभर गाडी हाकत जायचा. त्यांची रेकॉर्डिंग्ज अजून त्याच्याकडे आहेत. आम्ही त्यातलं एक लावलं. शायर जणू डॅशबोर्डवर बसून बोलत होता. त्यानं श्वास घेतलेला कळत होता, मागे कुणीतरी खुर्ची सरकवली तेही. माझ्या अंगावर काटा आला.

भाईनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग म्हणाला, "मोठा झाला. पण शब्द कळत नाहीत."

मुलाचा चेहरा पडला. "चाचा, मोठा ॲम्प लावू?" असं विचारून तो स्वतःच मान हलवत राहिला. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट ताकद लागते. "पण इथे आवाज कमी नाहीच आहे," तो मला हळूच म्हणाला. "टीचर, तुम्हाला कळतंय ना?"

मला कळत होतं. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट दिसली. मुशायऱ्यात शेर पूर्ण झाला की काफिया कानावर पडताक्षणी दाद निघते. पहिली मिसरा ऐकून जाणकाराला दुसरीचा शेवट आधीच सुचलेला असतो. भाई असा जाणकार होता. लहानपणी आम्ही त्याच्या "वाह"वरून ओळखायचो की शेर चांगला होता. आता रेकॉर्डिंगमधले लोक आधी "वाह" म्हणत होते, आणि भाई त्यांच्यानंतर. प्रत्येक वेळी त्यांच्यानंतर. तो शेराला नाही, लोकांच्या दादेला दाद देत होता.

वीस-बावीस वर्षं मुलांना इम्ला घालते आहे मी. मागच्या बाकावरचं मूल शेजाऱ्याची पाटी बघून लिहितं तेव्हा ते किती उशिरा लिहितं, ते मला ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन भाईकडे गेले. म्हटलं, "भाई, वीस शब्द सांगते, लिही. पोरांच्या परीक्षेसाठी बघायचं आहे, कठीण जातात का." वही तोंडासमोर धरली आणि नेहमीच्या आवाजात शब्द वाचले. साप, मोर, शाळा, नाव, फार, लोणी, सात, गाव, असे.

त्यानं लिहिलेला कागद माझ्याकडे अजून आहे. मोर, नाव, लोणी, गाव बरोबर. सापचा ताप झाला होता. शाळेचा काळा. फारचा पार, सातचा हात. वीसपैकी अकरा चुकले, आणि अकराही एकाच जातीचे. स, श, फ, त, क, च, नुसत्या हवेची आणि फुंकरीची अक्षरं. म, न, ल, व, ग यांना धक्का नाही. बीएडला असताना व्यंजनांचा घोष-अघोष तक्ता पाठ केला होता परीक्षेपुरता. तो असा भावाच्या अक्षरात समोर येईल असं वाटलं नव्हतं.

सुट्टी संपायच्या आत मी त्याला घेऊन कोल्हापूरला गेले, त्याच गाडीतून, आंबा घाटानं. सबब सांगितली माझ्याच कानदुखीची. तिथे पोहोचल्यावर म्हटलं, आलोच आहोत तर तूही तपासून घे.

काचेच्या खोलीत बसवून बारीक-जाड सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. त्याचा आलेख काढतात. भाईचा आलेख खालच्या सुरांना जवळजवळ सपाट चालला होता आणि पुढे आंबा घाटाच्या कड्यासारखा कोसळला होता. ४००० हर्ट्झपाशी तळ, त्यापुढे थोडासा वर. दोन्ही कानांचा तसाच, डाव्याचा जास्त खोल. तपासणाऱ्या बाईंनी आलेख बघताच विचारलं, "मोठ्या यंत्रांजवळ काम केलंय का?"

जुबैलच्या एका कारखान्यात, कंप्रेसरच्या खोलीत, चोवीस वर्षं. भाई म्हणाला, "कानात घालायला बुचं द्यायचे. पण त्या उकाड्यात कोण घालतं? आणि घातली की सोबत्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही."

बाईंनी मग समजावून सांगितलं. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबल, ही साधारण सुरक्षित मानलेली हद्द. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत, आणि गोंगाटानं आधी मरतात त्या उंच सुरांच्या. स्वर खालच्या सुरांत असतात, ते ऐकू येतात. म्हणून माणसाला वाटतं, मला ऐकू तर येतंय, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. स, फ, त यांची फुंकर मात्र वरच्या सुरांत असते, आणि बोलण्याचा अर्थ बहुतेक त्या फुंकरीतच असतो. आवाज वाढवला की स्वर अंगावर येतात, व्यंजनं तरीही येत नाहीत. चोवीस हजारांत आम्ही भाईसाठी नेमके तेच स्वर मोठे करून ठेवले होते.

परतीच्या रस्त्यावर मी गप्प होते. गेल्या काही वर्षांतला भाई मला आठवत होता. दावतीत तोच एकटा बोलत राहायचा, कारण स्वतः बोलत असताना ऐकावं लागत नाही. गाडी चालवताना मी काही विचारलं तर उत्तर द्यायचा नाही, कारण रस्त्यावरून नजर काढून माझे ओठ बघता येत नव्हते. नातवंडांवर खेकसायचा, "नीट बोला!" आम्ही सगळे म्हणायचो, आखातातला पैसा डोक्यात गेला आहे. मीही म्हणायचे. सगळ्यांत जास्त मीच.

आणि अम्मी. ओढणी तोंडासमोर, दात नसलेलं तोंड, दम लागलेला आवाज.

घाट उतरायच्या आधी एका टपरीवर मी त्याला गाडी थांबवायला लावली. चहा घेतला. त्याच्या समोर बसले, माझं तोंड त्याला दिसेल असं, आणि ते दोन रविवार त्याला सांगितले. सांगावं की नाही, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही. न सांगता त्याच्याशी चांगलं वागणं मला जमलं नसतं, एवढंच खरं.

तो बराच वेळ पेल्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "अम्मी कुठल्या बाजूला बसली होती?"

"झोपाळ्यावर. तुझ्या डाव्या हाताला."

"मी काय म्हणालो?"

"हो म्हणालास. दोनदा."

त्यानं पेला खाली ठेवला. "मी सगळ्यांनाच हो म्हणतो," तो म्हणाला. "हो म्हटलं की कुणी परत विचारत नाही."

त्यानंतर घरापर्यंत आम्ही काही बोललो नाही. नवा स्टिरिओही लावला नाही.

कानाची यंत्रं घ्यायला त्यानं तीन महिने लावले. चाळिशीत चष्मा लागतो, कुणी लाजत नाही. कानाच्या यंत्राची मात्र लाज वाटते. त्यापेक्षा ॲम्प घेणं सोपं, टीव्ही मोठा करणं सोपं, बायकोवर ओरडणं तर सगळ्यांत सोपं. दोन यंत्रांना गाडीच्या सगळ्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले. माझ्या विद्यार्थ्यानं मधल्या काळात स्टिरिओवर चाचांसाठी वेगळी सेटिंग करून ठेवली, बास खाली आणि वरचे सूर थोडे चढवलेले. थोडा फरक पडला. पण तो म्हणाला ते मला पटलं. "टीचर, खरा फरक बीडिंगनं पडला. आवाज वाढवण्यापेक्षा गोंगाट कमी करावा." हा मुलगा इम्ल्यात काठावर पास व्हायचा, हे मी आता कुणाला सांगत नाही.

तुमच्या घरी कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, प्रश्नाला भलतंच उत्तर देत असेल, किंवा प्रत्येक गोष्टीला हसून हो म्हणत असेल, तर त्याला उद्धट ठरवायच्या आधी तोंड झाकून वीस शब्द सांगून बघा. स, श, फ, त असलेले घ्या. मी हे पाच-सहा वर्षं आधी केलं असतं तर अम्मी एकदा माहेरी जाऊन आली असती.

यंत्रं बसवली त्यानंतरच्या रविवारी भाई सकाळीच माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायला लागला. मी ओढणी सारखी करत बाहेर आले. कुठे जायचं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या जागेत एक पिशवी होती, मामीसाठी चुडे. छप्पर उघडलं नव्हतं. वाऱ्यात यंत्रं फरफरतात, असं तो म्हणाला.

बाजार ओलांडून एक ट्रक मागे टाकला आणि भाईच्या कपाळाला आठी पडली. त्यानं कान टवकारले, डॅशबोर्डावर थाप मारली. "त्या पोरानं कुठेतरी वायर सैल सोडलीय. हे टिकटिक काय वाजतंय?"

मी बोटानं इंडिकेटरचा हिरवा दिवा दाखवला.

त्यानं तो बंद केला. टिकटिक थांबली. थोड्या वेळानं म्हणाला, "हे नेहमी वाजतं?"

"नेहमी."

तो काही बोलला नाही. पुढे पुलाकडे जाणारा फाटा आला, तेव्हा त्यानं बरंच आधी इंडिकेटर लावला, वेग कमी केला आणि ऐकत राहिला. गाडी वळली. टिकटिक आपोआप थांबली, आणि समोर खाडी दिसायला लागली.